विरजणातला आवाज

त्या दुपारी दही बोललं नाही.

कुमुदकाकू शेट्यांनी नेहमीप्रमाणे चमचाभर दही वाचकयंत्रात घातलं, झाकण लावलं आणि पानाला चुना लावत बसल्या. यंत्र घरघरलं आणि गप्प झालं. एरवी एव्हाना त्यांचे यजमान दामुअण्णा सुरू झालेले असत. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती, पण बोलण्यावर त्याचा काही परिणाम झाला नव्हता.

सोय साधी होती. माणसाचा आवाज डीएनएच्या अक्षरांत लिहायचा, दह्याच्या जिवाणूंत घालायचा आणि त्या दह्याने रोज नवं दही विरजायचं. विरजण टिकेल तोवर माणूस टिकतो. कराडात अशी बरीच माणसं फ्रिजमध्ये होती. कंपनीची अट एकच, दुसऱ्याचं विरजण त्यात मिसळू नये.

दामुअण्णा एसटीत कंडक्टर. जाण्याआधी त्यांनी तासन्‌तास आवाज भरून ठेवला होता: घाटातल्या गमती, खिडकीच्या जागेवरून झालेली भांडणं, आजारपण. आणि त्यात एकाच ठिकाणी "कुमुद". जन्मभर 'अगं ए'वर भागवलेल्या माणसाने. काकू रोज ऐकायच्या ते त्या एका शब्दासाठी. बाकीचं त्यांना पाठ होतं, आणि त्यातलं निम्मं खोटं आहे हेही ठाऊक होतं.

त्यांनी वरच्या मजल्यावरच्या ऋजुताला हाक मारली. ती गेल्याच वर्षी या इमारतीत राहायला आली होती आणि डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करायची. भांड्यात पाणी सुटलेलं पाहून तिने विचारलं, यात काही मिसळलं होतं का? काकू नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, मागच्या आठवड्यात गारठ्याने दही लागेना, म्हणून तळमजल्यावरच्या नसीमभाभींकडून चमचाभर विरजण आणलं होतं. त्याला कोणी मिसळणं म्हणतं का? दुसऱ्या दिवशी वाटी परतही केली. रिकामी कशी करायची, म्हणून आपलंच दही घालून.

ऋजुता हळूच खुर्चीत टेकली. भाभींच्या दह्यात जिवाणू मारणारा विषाणू असणार, असं तिने सांगितलं. तो जिवाणूत शिरतो आणि त्याच्याकडूनच आपल्यासाठी रिकाम्या डब्या बनवून घेतो. प्रत्येक डबीच्या दाराशी प्रथिनांची एक मोटर बसते. ती डीएनएचा धागा आत ओढते, सायकलच्या ट्यूबमध्ये मावणार नाही इतक्या दाबाने कोंबते, आणि डबी भरली की धागा कापते.

"काकांच्या गाडीसारखं. गाडी भरली की डबल बेल. आत कोण चढलंय ते बघत नाही."

"आमचे बघायचे," काकू म्हणाल्या.

तर अशा न बघण्यात काही डब्यांत विषाणूच्या धाग्याऐवजी दामुअण्णा भरले गेले होते. काकूंच्या वाटीतून ते भाभींकडे गेले. भाभींचं विरजण इमारतभर जायचं. या चुकीच्या डब्यांत मारायला विषाणू नव्हताच, त्यामुळे त्या ज्या जिवाणूत रित्या झाल्या तो जगला. दामुअण्णांसकट.

"मग ते आहेत कुठे?"

"सगळ्यांकडे. थोडे थोडे."

दोघी यंत्र आणि वाट्या घेऊन घरोघर हिंडल्या. भाभींच्या दह्यात अर्धा कुंभार्ली घाट निघाला. गुरवांकडे नुसता खोकला. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी आदल्या दिवशी कढी केली होती. सगळं घर माना खाली घालून उभं राहिलं. काकूंनी विचारलं, कढी बरी झाली होती ना? ते म्हणाले, फारच. नाव कुठेच सापडलं नाही.

काकूंनी घरोघरून आणलेल्या सगळ्या वाट्या एकाच दुधात विरजल्या. ऋजुताने बजावलं की विषाणू त्यात जिवंत आहे, मोटरी चालूच राहतील, तुकडे कसेही जोडले जातील. कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं, उकळून टाकून द्या. काकूंनी त्याला त्याच्या आईची तब्येत विचारली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढलेलं दही त्यांनी यंत्रात घातलं.

"कुमुद," दामुअण्णा म्हणाले. काकूंचा हात थांबला. "थंडी वाजतेय."

ऋजुताने लगेच खुलासा केला. नाव एका तुकड्यातलं, एकेका वाटीत ऐकू येणार नाही इतकं थोडं; थंडी आजारपणातली. टोकं जुळली, वाक्य झालं. काका हे कधी बोललेच नव्हते. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि भांड्याला मफलर गुंडाळला.

तिसऱ्या दिवशी ऋजुता ते दही टाकायला लावायचंच असं ठरवून आली. काकूंनी तिला समोर बसवलं, मफलर सोडला, चमचा यंत्रात रिता केला. यंत्र बराच वेळ नुसतंच घरघरत राहिलं, कोणी जागा शोधत सरकावं तसं.

"कुमुद," आवाज आला. "ही कोणाची?"

ऋजुताच्या ओठांवर खुलासा तयार होता. दोन तुकडे, नाव आणि खिडकीच्या जागेचं भांडण, जुळलेली टोकं.

काकूंनी पदराला हात पुसले आणि तिच्याकडे पाहिलं.

"सांग की," त्या म्हणाल्या. "विचारतायत ना?"