गच्चीवरचं अद्रक

मुकुंदवाडीच्या भाजीबाजारात तनुजा अद्रकाचा एकेक तुकडा उचलून डोळ्यांजवळ नेत होती. कोंब फुटेल असाच तुकडा तिला हवा होता. भाजीवाली दगडाबाई शेवटी वैतागली.

"पोरी, अद्रक घ्यायलीस का सोयरीक जुळवायलीस?"

शेजारी उभा असलेला तरुण हसला. "लावायचंय का? हे धुतलेलं आहे. कुंडीत सडेल. चहात घाला."

"तुम्हाला विचारलं का मी?" तनुजानं तोच तुकडा घेतला आणि तरातरा निघाली.

घराच्या फाटकाशी आली, तर तो मागंच.

"आता घरात येणार का?"

"नाइलाज आहे," तो म्हणाला. "वरच्या खोलीत कालच सामान टाकलंय."

तो सत्यम. गाव कन्नडकडचं, घरी अद्रकाची शेती, नोकरी इथं ठिबक सिंचनाच्या दुकानात. वरची खोली तनुजाच्या वडिलांनी त्याला भाड्यानं दिली होती, आणि तनुजा दिवसभर चष्म्याच्या दुकानात कामावर असल्यामुळं तिला पत्ताच नव्हता.

तिनं तुकडा रात्रभर पाण्यात भिजवला, कोंबाचा डोळा वर ठेवून गच्चीवरच्या कुंडीत लावला. आता तो इज्जतीचा सवाल होता. रोज संध्याकाळी सत्यम विचारायचा, आलं का? ती म्हणायची, येईल. मग कठड्याला टेकून दोघं बोलत राहायची. तो म्हणायचा, पाणी लई घालू नका. ती मुद्दाम आणखी थोडं घालायची... हळूहळू जिना चढताना तिची छाती धडधडायला लागली, आणि जिना तर तोच होता.

एका सकाळी तिनं माती उकरली. तुकडा काळा पडून गिळगिळीत झाला होता. तिनं माती गुपचूप सारखी केली. हरले म्हटलं असतं, तर संध्याकाळी गच्चीवर यायला कारण उरलं नसतं.

सत्यम रविवारी गावी जाऊन आला. पुढच्याच आठवड्यात कुंडीत हिरवा, टोकदार कोंब दिसला.

तनुजा बघतच राहिली. सडलेल्याला कोंब कसा येईल? मग लक्षात आलं, आणि तिला एकदम हसू फुटलं.

"जिंकलात," संध्याकाळी सत्यम म्हणाला. चेहरा अगदी साळसूद.

तिनंही कळल्याचं दाखवलं नाही. तो आवडत होता, हे आता स्वतःपासून लपत नव्हतं. पण ज्याच्याबरोबर घर करायचं, तो खरं बोलतो का, एवढं तिला कळायला हवं होतं. तो आपण होऊन सांगेल, मगच आपण बोलायचं, असं तिनं ठरवलं.

ऑगस्ट संपत आला. झाड गुडघ्याएवढं झालं. एका भुरभुर पावसाच्या संध्याकाळी सत्यमनं सांगितलं, दुकानानं कन्नडच्या शाखेत बदली केली आहे, सोमवारी निघायचं.

तनुजा कुंडीतली पानं चाचपत राहिली.

"जायच्या आधी बेणं काढून देतो," तो म्हणाला. त्याच्या गावाकडं झाडानं जोर धरला की बेणं, म्हणजे लावलेला मूळ तुकडा, बाजूनं काढून घेतात, तो शाबूत निघतो, झाडाचंही काही बिघडत नाही. त्यानं बोटांनी माती सारली. जाडजूड तुकडा निघाला. तो तिच्या हातात देऊन मोकळा होऊ शकला असता. पण तसाच धरून बसला.

"तनुजा... हे तुमचं नाही. तुमचं सडलं होतं. मी गावाहून आणून लावलं."

"का?"

"तुम्ही गच्चीवर यायचं बंद केलं असतं म्हणून."

"मला माहीत होतं. कोंब यायच्या आधीच मी उकरून बघितलं होतं."

तो चकित झाला. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही गच्चीवर यायचं बंद केलं असतं म्हणून."

दोघंही हसायला लागली, थांबेचनात.

"मी दर रविवारी येईन," तो म्हणाला. "चालेल?"

"नुसतं येऊन काय होणार? आईवडलांना घेऊन या."

पावसाचे थेंब त्याच्या पापण्यांवर तसेच.

"खरंच?"

"बाबा खालीच आहेत. चला, आत्ताच सांगू."

"आत्ता? असं मातीच्या हातांनी?"

तिनं तोच हात धरला आणि जिना उतरायला लागली. बाबांशी काय बोलायचं, हे दोघांनाही अजून सुचलं नव्हतं.