मडगार्डावरचा आरसा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच शिपाई दवाखान्यातून धावत आला. "साहेब, रुपराव वाचते. पण पाय कापा लागते म्हणून राहिले डॉक्टर."

फौजदार मधुकरराव उठले. गरिबाचा पाय जातो आणि बेडीही गरिबाच्याच हातात पडते, एवढे शहाणपण साऱ्या नोकरीने त्यांच्या पदरात टाकले होते. काल दिवेलागणीला कुहीच्या वाटेवर एका काळ्या मोटारीने रुपरावाची बैलगाडी उलथवली आणि ती तशीच निघून गेली. बैलाचे शिंग डाव्या मडगार्डाला घासले, एवढेच रुपराव सांगू शकला. तशी मोटार साऱ्या शहरात एकच, गांधीबागेतले कापडाचे व्यापारी देवराव यांची. त्यांचा ड्रायव्हर कवडू पहाटेपासून कोठडीत होता.

त्याला बेडीसकट घेऊन मधुकरराव देवरावांच्या आवारात शिरले. देवरावांचे चिरंजीव मनोहरराव, कलकत्त्याला शिकून आलेले, ओट्यावर कडुनिंबाची काडी चावत होते. तोंड एरंडेल प्याल्यासारखे.

"कडू लागते?" मधुकररावांनी विचारले.

"सवय नाही," मनोहरराव थुंकून म्हणाले.

मोटार अंधाऱ्या मोटारखान्यात होती. डाव्या मडगार्डावर ना शिंगाचा रंग, ना घासल्याची खूण.

"कवडू, काल सांजेले कुठं होता गा?"

"इथंच, साहेब. पोळ्याची घेतली अन् निजलो."

"कोणी पाहिलं?"

"निजलेल्याले कोण पाहते जी? किल्ली त् ओट्यावर खुंटीले होती."

"लबाड!" देवराव कडाडले. "पुसून पुसून माझ्या मोटारीची चाळणी केली यानं. हाकलून देईन म्हटलं, तरी ओरखडे जाईनात!"

"धुळीवर फडकं फिरते, मालक. नाना उपाय केले, नाही जात त् काय करू?"

मधुकररावांनी थकलेला हात हलवला. "मोटार उन्हात ढकला."

ढगांतून ऊन उतरले. मोटारीच्या सर्वांगावर बारीक, गोल ओरखड्यांचे कोळ्याचे जाळे चमकले. फक्त डाव्या मडगार्डाच्या टोकावर एकही ओरखडा नव्हता. त्या काळ्या आरशात मधुकररावांना स्वतःचा शिणलेला चेहरा दिसला. त्यांनी सांधीत नख घातले. गुलाबी भुकटी निघाली. वास लवंगेचा.

"मनोहरराव, तुमचं दंतमंजन संपलं वाटते?"

मनोहररावांच्या हातातली काडी गळली.

"काय बोलून राहिले तुम्ही?" देवराव गरजले.

"ऐका. पोळ्याचे बैल, शिंगांना हिंगूळ लावलेला. तो लाल रंग मडगार्डावर उमटला. रंग लपवणाऱ्यानं दंतमंजन ओल्या फडक्यावर घेऊन कंदिलाच्या उजेडात घासलं. त्या बारीक भुकटीनं रंग निघाला आणि त्याबरोबर जुने ओरखडेही निघाले. कंदिलात ते कळलं नाही. उन्हानं चहाडी केली. कवडूला ही युक्ती ठाऊक असती, तर तुमच्या शिव्या खाण्याऐवजी त्यानं सारी मोटारच घासली असती. राहता राहिलं लवंगेचं मंजन. ज्यानं डबा मडगार्डावर रिकामा केला, त्याच्यावरच आज सवय नसलेली काडी चावायची पाळी आली."

"बैल बुजले," मनोहरराव पुटपुटले. "मी भ्यालो."

"भ्यालात, इथवर समजतो. पण हा बेडीत उभा असताना काडी चावत राहिलात."

देवराव जवळ सरकले. आवाज एकाएकी मऊ झाला. "फौजदारसाहेब, पोरगं आहे. कवडूनं कबूल केलं, तर त्याच्या घरच्यांचं मी पाहीन."

"रुपरावाच्या घरच्यांचं पाहा," मधुकरराव म्हणाले. शिपायाने कवडूची बेडी काढून मनोहररावांच्या हातात अडकवली.

गल्लीतून रोगराई गावाबाहेर नेणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक आरोळ्या ठोकत चालली होती, "घेऊन जाय वं मारबत!"

देवराव खाली बसले. मग सवयीनेच म्हणाले, "कवडू, मोटार आत घे."

कवडूने खुंटीवरची किल्ली काढली आणि मालकाच्या तळहातावर ठेवली.

"खुंटीवर नाही ठेवत आता, मालक. तुमच्या हाती देतो." मग तो मनगट चोळत फौजदारांकडे वळला. "साहेब, रुपराव कोण्या दवाखान्यात आहे जी?"