उलटं फिरणारं चाक

खण्ण!

दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरातून आवाज आला, आणि त्यामागून त्याहून भीतिदायक गोष्ट – ठकूचं गप्प राहणं. आई धावली. ओट्याखाली निळ्या कपाचे पाच तुकडे, आणि त्यांच्यापुढे उकिडवी बसलेली तिची पाच वर्षांची लेक.

बाबाचा कप. बाबा जाऊन तीन वर्षं झाली, पण ठकूचं दूध त्याच कपात लागायचं.

“चिकटव ना.”

“नाही गं चिकटायचा, बाळा.”

“मग नवीन कर. दुकानातला नको. तूच कर.”

“करीन,” आई म्हणाली. आणि ती एकदा हो म्हणाली की संपलं. मग तिचं ती स्वतःसुद्धा ऐकत नसे.

तिने मातीकामाचा वर्ग लावला, आठ शनिवारांचा. आठव्या शनिवारी शिकवणाऱ्या बाई भट्टी लावणार, आणि तोवर जे सुकलं असेल तेच आत जाणार. म्हणजे कप सातव्यापर्यंत व्हायलाच हवा. एरवी ती चष्म्याच्या दुकानात डोळ्यांना दिसतील न दिसतील असे स्क्रू पिळायची. हात अगदी सराईत. पण मातीचा गोळा काही केल्या चाकाच्या मध्यावर बसेना. हात लावला की थयथयाट! एकदा तर उडून शेजारच्या आजींच्या मांडीवर जाऊन बसला.

“नातू झाल्यासारखं वाटलं गं,” आजी म्हणाल्या. सगळे हसले. तीही हसली, आणि पुन्हा माती मळायला लागली.

सहाव्या शनिवारी तिचं चाक बंदच पडलं.

दुरुस्तीवाला आला. कानामागे पेन्सिल, शर्टाला वंगणाचा डाग. चाकाखाली शिरून त्याने बराच वेळ खाटखूट केली. “बसा आता.”

ती बसली. गोळा ठेवला, तळवे टेकवले... आणि गोळा गप्प झाला. लबाडासारखा, अगदी शहाण्या मुलासारखा गप्प!

“थांबा, थांबा! वायरी उलट्या जोडल्या मी. चाक उलटं फिरतंय. दोन मिनिटांत–”

“हात लावू नका!”

तो दचकला. तिने चिखलाने भरलेला डावा हात वर केला. “डावखुरी आहे मी. सहा आठवडे मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकतंय.”

त्याने त्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. जरा जास्तच वेळ.

“मग माझी चूक तशीच ठेवू?”

“तशीच ठेवा.”

सातव्या शनिवारी तो पुन्हा हजर.

“चाक तर छान चाललंय,” ती मान वर न करता म्हणाली.

“तेच बघायला आलो.”

“बघून झालं?”

“एवढ्यात?”

तिने ओठ दाबले. हसू गालात जाऊन लपलं. पहिला कप कोसळला. दुसराही. पाचवा तर अगदी तयार होऊन, खाली उतरवताना दुमडला. तिने तो गोळा करून पुन्हा मळला. दुरुस्तीवाला बाजूच्या चाकावर बसून काहीतरी वाकडंतिकडं थापत होता.

“राहू द्या ना. दमलात तुम्ही.”

“लेकीला शब्द दिलाय.”

त्याने नुसतं पाणी बदलून आणून तिच्याजवळ ठेवलं – डाव्या हाताला.

आठवा उभा राहिला. त्याच जोरावर नववाही, स्वतःसाठी. खिडकीतलं ऊन उतरत होतं आणि दोन ओले कप फळीवर शेजारी-शेजारी बसले होते. तिसरा त्याचा, पोट एकीकडे, तोंड दुसरीकडे.

भट्टी उघडली तेव्हा कप घरी पोचवायला तोच खोकं घेऊन आला. दारात थबकला.

“एक विचारायचं होतं... आता चाक काही बिघडायचं नाही. मग मी यायचं कुठे?”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “आधी... आत तर या. चहा टाकते.”

ठकूने निळ्या रंगात भाजलेला नवा कप दोन्ही हातांत धरला, आत डोकावली, उलटा करून पाहिला. “हा बाबाच्यासारखा नाहीये,” ती म्हणाली. “हा माझा आहे,” असं म्हणून तिने तो छातीशी धरला.

चहा झाला. आईने कप विसळले आणि एकेक करून फडताळात मांडले. निळा, मग तिचा, मग वाकडा. आपण काय करतोय हे तिला कळलंच नाही. ठकूला मात्र कळलं.

“आई, हा वाकडा कुणाचा?”

“काकांचा.”

ठकूने एकदा काकांकडे पाहिलं, एकदा फडताळाकडे.

“मग तो आपल्या घरात का ठेवलास?”