शंकेचं बटण

परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवणारे बहुतेक जण दुसऱ्याच दिवशी नापास होतात, असं कधी झालंय का? आमच्या सागरतळीत झालं.

सागरतळी म्हणजे कोकणच्या समुद्राखाली वसलेलं आमचं साठ माणसांचं गाव. सायबर सुरक्षेच्या (इंटरनेट वापरताना स्वतःला जपण्याच्या) वर्गाला आम्ही झाडून सगळे बसलो. 'पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही,' असं सगळ्यांनी घडाघडा लिहिलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला : 'घरून डबा आलाय. लगेच पासवर्ड टाका, नाहीतर परत जाईल.' इथं किनाऱ्यावरच्या घरून येणाऱ्या डब्यासाठी माणसं कासावीस असतात. एकेचाळीस जणांनी पासवर्ड टाकला. त्यात मीही!

निरोप पाठवला होता माझ्याच आजोबांनी. नाना गावाचे संगणकशास्त्रज्ञ. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाना, माहीत असून कसे फसलो आम्ही?"

"शाल्मली, पुस्तक वाचून कुणाला पोहता येतं का? याला फिशिंग म्हणतात (खोट्या निरोपाचा गळ टाकून माहिती काढणं). घाई झाली, की हात डोक्याला विचारत नाही. म्हणून सवय हातालाच लावायची."

मग नाना दर आठवड्याला नवा खोटा निरोप पाठवू लागले. फसलेल्याला रागवायचे नाहीत, चूक मात्र लगेच दाखवायचे. निरोप खोटा वाटला, की ज्यानं त्यानं आपल्या पडद्यावरचं शंकेचं बटण दाबायचं; मग नानांच्या खोलीतल्या नकाशात त्याच्या नावाचा दिवा लागायचा. फसणारे बावीसवर आले, मग सातवर. नाना महिनाभर आजारी पडले, सराव थांबला, तर पुन्हा पंधरा! मग सराव पुन्हा सुरू झाला.

काल दुपारी मी नानांच्या खोलीत होते. पडद्यावर अक्षरं उमटली : 'तुझी आई पाणबुडीत अडकली आहे. पासवर्ड टाक, तरच दार उघडेल.' मी दोन अक्षरं टाकलीसुद्धा. मग हात थांबला. मी आईला फोन लावला.

"अगं, मी शेवाळाच्या शेतात आहे! तूच अडकलीस असा निरोप आलाय मला," आई म्हणाली.

मी शंकेचं बटण दाबलं. "नाना, फार दुष्ट परीक्षा घेतलीत!"

नानांचा चेहरा उतरला होता. "हा निरोप माझा नाही गं. हा खरा चोर आहे. एकानं जरी पासवर्ड दिला, तर तो आपल्या हवेच्या यंत्रापर्यंत पोचेल."

भिंतीवरच्या नकाशात माझ्या नावाचा दिवा लागला. मग आईचा. मग दवाखान्यातल्यांचे, शाळेतल्यांचे, स्वयंपाकघरातल्यांचे... ज्याला त्याला आपल्या माणसाच्या नावानं घाबरवलं होतं, तरी जो तो थांबला होता. एवढी सुंदर गोष्ट मी समुद्रातही पाहिली नव्हती.

एकोणसाठ दिवे लागले. साठावा काही लागेना. कुणी फसलं की काय? मी नकाशाजवळ जाऊन नाव वाचलं.

"नाना, तुमचंच बटण राहिलंय!"

नानांनी ते घाईघाईनं दाबलं आणि कपाळावरचा घाम पुसला. "उद्यापासून सरावाचे निरोप तू पाठवायचे," ते म्हणाले. "आणि पहिला मला."