बाराच्या वर ओलावा

त्या दिवशी आदिलाबादच्या आभाळात औषधालासुद्धा ढग नव्हता, आणि तरी मी नखशिखांत भिजले.

पावसात भिजण्याला निदान काही शोभा तरी असते. मला भिजवलं आगीच्या बंबाने! गावाबाहेरच्या आमच्या कापूस यार्डात खरेदीचा पहिला दिवस होता. पहिल्या दिवशी वजनकाट्याची पूजा होते, नारळ फुटतो, पहिल्या गाडीवाल्याला टॉवेल-टोपी मिळते. आईने बळेबळे नेसवलेली मोरपंखी साडी सावरत मी पहिल्या गाडीपाशी उभी होते. हातात ओलावा मोजायचं यंत्र. माझं काम तसं सोपं आहे. यंत्राची सळई कापसात खुपसायची आणि आकडा वाचायचा. आठ टक्क्यांपर्यंत उत्तम, बारापर्यंत चालेल, बाराच्या वर गेला की माल परत. कुणी कितीही गयावया करो, बाराच्या वर म्हणजे परत. शेतकरी मला पाठीमागे 'कोरडी बाई' म्हणतात, हे मला ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर आवडतंसुद्धा.

सळई खुपसली. सात आला. "सात!" म्हणायला मी तोंड उघडलं… आणि त्यात पाणीच आलं.

साडी, यंत्र, काट्याचा हार, नारळ आणि पंढरीची अख्खी गाडी, सगळं चिंब. पंढरी म्हणजे पहिला नंबर लागावा म्हणून आदल्या दिवसापासून येऊन बसलेला शेतकरी. तो ओरडला, तोही माझ्यावरच. कारण पाणी मारणारा लांब होता आणि मी जवळ.

बंबाशेजारी खाकीतला एक उंच तरुण पाइपाचं तोंड हातात धरून उभा होता. चेहरा घाबरलेला, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू. ते त्याला दाबता येत नव्हतं.

"पंप तपासून राह्यलो होतो, मॅडम. वारा फिरला."

"असं? मी कुठं उभी हाये, ते वाऱ्याले बरोबर माहीत होतं?"

"लांबूनच दिसता तुमी…" तो अडखळला. "म्हणजे… साडी दिसते."

"माल ओला केला तुमी! सात होता, सात!" मी सळई पुन्हा खुपसली. एकोणीस. "हे पाहा!"

त्याने जवळ येऊन, वाकून आकडा पाहिला. केसांतून माझ्या यंत्रावर आणखी दोन थेंब पाडले. मग शांतपणे म्हणाला, "ओलं झालेलं वाळते, मॅडम. जळलेलं वाळत नाई."

माझ्या डोक्यात तिडीक गेली ती तिथे. माणूस चुकतो, माफी मागतो, विषय संपतो. हा चुकून वर मलाच शिकवत होता!

त्याचं नाव भार्गव. कापसाचा हंगाम संपेपर्यंत यार्डात एक बंब उभा ठेवतात, त्याच्याबरोबर हा लीडिंग फायरमन. म्हणजे सगळा हिवाळा हा माझ्या डोळ्यांसमोर! मी देवाला विचारलं, काऊन रे बाबा? मीच सापडले का?

पुढचे दिवस कसे गेले ते सांगायलाही कंटाळा येतो. सकाळी आले की हा पठ्ठ्या बैल धुवावा तसा बंब धूत बसलेला असायचा. पाण्याचे ओघळ थेट माझ्या ढिगांकडे. बंबाचा पंप गळका, त्याखाली कायम चिखल. रांग ऐन भरात आली की याला भोंगा तपासायची आठवण व्हायची. भोंगा वाजला की बैल उधळायचे, आणि उधळलेल्या बैलांमागे धावणारे शेतकरी जाता जाता मला शिव्या घालून जायचे. रांगेत फिरून हा सगळ्यांच्या बिड्या-काड्या जमा करायचा आणि संध्याकाळी परत देताना हमखास अदलाबदल करायचा. त्यावरून रोज भांडणं, आणि ती मिटवायला मी.

सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे ती चुन्याची रेघ. ढिगांच्या मधून बंब जाईल एवढी वाट मोकळी पाहिजे म्हणून तो रोज सकाळी वाटेच्या दोन्ही कडांना चुना ओढायचा. मला कोरडी जागा आधीच अपुरी. मी दुपारपर्यंत हमालांना सांगून ढीग त्या रेघेवर सरकवायची.

"मॅडम, तुमचा कापूस माझ्या रस्त्यावर आला."

"तुमचा रस्ता माझ्या कापसावर आला."

"बंब अडकला तर?"

"तुमचा बंब पाणी सांडायच्या शिवाय काय करते? आग तर मी अजून पायली नाई."

"पायली नाई, तेच तर आमचं काम." त्याने सांडलेला चुना बुटाने सरळ केला. "एक विचारू? माझा ओलावा पायता का कधी? हमाल म्हणतात, मॅडमच्या यंत्रापासून काई लपत नाई."

"गरज नाई. लांबूनच कळते. बाराच्या वर आमी घेत नाई."

"थोडासुद्धा वर नाई?"

"थोडासुद्धा नाई."

तो हसला आणि खिशातून सीताफळ काढून माझ्या टेबलावर ठेवून गेला. धुतलेलं! बंबाच्या पाण्याने! टेबल ओलं, कागद ओले. मी चिडून अख्खं सीताफळ खाल्लं. गोड होतं, त्याला काय करणार.

यार्डाचे सेक्रेटरी नरसिंगराव. त्यांच्या खोलीत मी रोज एकदा जाऊन ओरडायची, "सर, हा बंब इथून हलवा!" ते मान डोलवायचे, "दरखास्त ऐकली मी, अम्मा," म्हणायचे आणि चहा मागवायचे. मला वाटायचं, हे ऐकत नाहीत. म्हणून मी आणखी मोठ्याने सांगायची.

मग डिसेंबरचं धुकं पडलं. सकाळी यार्डात शिरलं की काहीच दिसायचं नाही, फक्त दूर कडुनिंबाखाली बंबाचा एक लाल डाग. एका सकाळी माझ्या लक्षात आलं की मी फाटकातून आत येताच आधी तो लाल डाग शोधते. सापडला की पुढे चालते. स्वतःचाच असा राग आला की त्या दिवशी मी कुणाशी नीट बोलले नाही.

यार्डात सांडलेला कापूस झाडणाऱ्या बयनाबाईने ते बरोबर हेरलं. "बाई, बंबाखाली पायलं का तुमी?"

"काय पाहू? चिखल?"

"चिखल कवाचाच नाई. पाहा तं."

पाहिलं. गळक्या पंपाखाली घमेलं ठेवलेलं होतं. ओले पाइप आता माझ्या ढिगांपासून लांब, पलीकडच्या कुंपणावर वाळत होते. आणि भोंगा? आठवून पाहिलं तर कित्येक दिवस तो बैल सोडल्यानंतरच वाजत होता. कुणी हे मला सांगितलं नव्हतं. त्यानेही नाही. एरवी तोंड उघडलं की उपदेश करणारा माणूस नेमका इथे मुका!

घमेलं काठोकाठ भरलं होतं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि ते उचलून कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतून आले. मागे वळले तर तो उभा.

"चिखल होईल म्हणून," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. "तेवढ्यासाठीच."

आम्ही दोघं त्या रिकाम्या घमेल्याकडे पाहत राहिलो. ठण्ण करून त्यात एक थेंब पडला, आणि मला हसू आलं. त्याच्यासमोर पहिल्यांदाच.

आता हे असं छान चाललं असताना माणसाने गप्प बसावं की नाही? पण नरसिंगरावांना नेमकं तेव्हाच काम करायची हुक्की आली. शुक्रवारी त्यांनी मला हौसेने बोलावलं. "मुबारक हो, अम्मा! तुमची दरखास्त मंजूर करून आणली. सोमवारपासून बंब नेरडीगोंड्याला, हायवेच्या केंद्रावर. आपल्याले लागला तर तिथून येईल."

"कुणी सांगितलं हलवायले?"

"तुमीच! रोज!" त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "हाकेनं छत उडवत होत्या ना?"

मी तडक कडुनिंबाखाली गेले. त्याला कळलं होतं. तो पाइप गुंडाळत होता आणि वर पाहत नव्हता.

"मी ते बंबाबद्दल म्हणलं होतं," मी म्हणाले.

"मी बंबावरच असतो, मॅडम."

"ते सुरुवातीला म्हणलं होतं!"

"सेक्रेटरीसाहेब म्हणले, परवापर्यंत म्हणून राह्यल्या होत्या."

खरंच होतं ते. आता सवयीने म्हणत होते, त्याला मी काय करू? 'जाऊ नका' एवढे दोन शब्द. आले का तोंडात? नाही. तोंडात आलं ते भलतंच : "मग जा! कोरडं तरी राहील माझं यार्ड." आणि मी तरातरा निघून आले. दहा पावलांवर डोळे भरले. चांगलंच झालं, आता आणखी ओलावा.

शनिवारी, त्याच्या शेवटच्या दिवशी, मी एकच गोष्ट केली. हमाल ढीग सरकवायला आले तेव्हा म्हटलं, "रेघेच्या अलीकडे ठेवा. बोटभरही वाटेवर नको." ते माझ्याकडे पाहतच राहिले. मला त्याला काही द्यायचं होतं, आणि माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं, त्याची ती वाट. त्याला दिसलं की नाही, कोण जाणे. तो रांगेत बिड्या गोळा करत फिरत होता.

दुपारी बयनाबाई झाडता झाडता थांबली. "बाई… जळका वास."

मधल्या ढिगातून, आता आता पंढरीची गाडी रिकामी झाली होती तिथून, धुराची बारीक रेघ वर येत होती. ज्वाळा नव्हती. हमाल धावले आणि चांगला कापूस वाचवायला ढीग उपसायला लागले.

"उपसू नका!" भार्गवचा आवाज सगळ्या यार्डावर आला. "हवा लागली तर पेटंल! मागं व्हा!"

बंब निघाला. चुन्याच्या दोन रेघांमधून तो लाल बंब कुठेही न घासता, कुठेही न थांबता सरळ ढिगापाशी आला. उतरताना भार्गवने एकदा खाली मोकळ्या वाटेकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्याला कळलं.

तेवढ्यात ढिगाच्या माथ्यावर भक्कन जाळ उठला. शेजारच्या ढिगापासून वीतभर लांब. तो शेजारचा ढीग माझा. सात-साडेसातचा कोरडा खणखणीत माल, सोमवारी सरकी काढायला जिनिंगला जायचा.

"मॅडम! बाजूचाही भिजवावा लागते!"

"भिजव!" मी ओरडले. "भार्गव, विचारतो काय, भिजव सगळं!"

आणि त्याने भिजवलं. पेटलेला ढीग, शेजारचा ढीग, माझं टेबल, मी, बयनाबाई, खिडकीतून डोकावणारे नरसिंगराव, सगळं. धूर पांढरा झाला, मग विरळ झाला, मग राहिला फक्त लगदा आणि ओल्या राखेचा वास. पुढचे ढीग तसेच उभे होते. यार्ड वाचलं होतं.

पंढरी डोकं धरून बसला होता. "तुमी येतांनी दिसले, साहेब," तो भार्गवला म्हणाला, "हातात बिडी होती. तुमी ओरडाल म्हणून घाईघाईत गाडीतल्या कापसात खुपसली."

"पेटलेली?"

"इझवाले टाइम कुठं होता? तुमी जवळ आल्ते ना!"

भार्गवने आभाळाकडे पाहिलं. आगीच्या भीतीने नाही, तर आग विझवणाऱ्याच्या भीतीने लागलेली आग! मला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. तो पाइप टाकून माझ्याकडे आला. भुवया करपलेल्या, शर्टातून पाणी निथळत होतं.

"तुमचा सगळा माल ओला केला," तो हळूच म्हणाला.

"वाळते," मी म्हटलं. "ओलं झालेलं वाळते. कोणीतरी शिकवलं मले."

"आज रेघेच्या अलीकडे होते ढीग…"

"हो."

"काऊन?"

आता किती सांगायचं माणसाने? मी यंत्र पदराने पुसलं आणि सळई त्याच्या भिजलेल्या बाहीला टेकवली. काटा थेट शेवटाला जाऊन थरथरत राहिला.

"किती?" त्याने विचारलं. आवाज चक्क घाबरलेला होता.

"लय वर."

"मग… परत?"

"नाई." मी सळई खाली घेतली. "हे घेतलं. जाऊ नको भार्गव. मले तू आवडतो. तुझा चिखल, तुझा चुना, तुझे उपदेश… सगळ्याचा वैताग येते, अन् तू नसला तर त्याहून जास्त येते."

त्याने माझ्या गालावरची राख अंगठ्याने पुसली आणि ती आणखी पसरवली. "पहिल्या दिवशी," तो म्हणाला, "वारा नव्हताच फिरला. मी तुमच्याकडं पायत होतो… अन् हात फिरला."

"म्हणजे इतके दिवस खोटं—"

"अम्मा!" नरसिंगराव खिडकीतून चष्मा पुसत ओरडले. "बंबाचं काय ठरलं मग? पाठवायचा का नेरडीगोंड्याला?"

"हलवून तर पाहा!" मी खेकसले. एवढ्या मोठ्याने तर मी तक्रारीच्या वेळीही ओरडले नव्हते. नरसिंगराव कपाळाला हात लावून आत गेले आणि त्यांनी फोन उचलला.

मी भार्गवकडे वळले. "अन् तुले सांगून ठेवते. बैल गाडीले जुंपलेले असतांनी भोंगा वाजवला तर याद राख."

"कधीच नाई," तो म्हणाला. शहाण्यासारखी मान हलवली, बंबात चढला, आणि कळ दाबली.

सगळे बैल उधळले. पंढरी टोपी सोडून पळाला. शिव्या घालत शेतकरी माझ्या शेजारून धावत गेले. आणि मी, डोक्यापासून पायापर्यंत ओली, त्या भोंग्याच्या गदारोळात कानांवर हात न ठेवता उभी राहिले.