भिंतीवरची मोहिनी

हळद पॉलिशच्या शेडमधून मोहिनी बाहेर पडायची ती अंगभर पिवळी धूळ घेऊनच. त्या दिवशी कुरुंद्याच्या बस थांब्याजवळ तिला ठसका लागला. ओढणी तोंडावर धरून ती थांबली.

"आता हलू नका."

शिडीवर वसमतचा पेंटर शिवहार बसला होता. भिंतीवर टीबीची सरकारी जाहिरात... खोकणाऱ्या बाईचं अंग रंगवून झालं होतं, चेहरा मात्र कोरा.

"काहून हलू नको?"

"सकाळपासून चेहरा सुचून न्हाई राहिला. तुमी खोकलात अन् बराबर सापडला."

"खोकल्यावर भाळणारा आजच पाहिला बाई."

"खोकल्यावर न्हाई... ओढणीच्या वर डोळे दिसून राहिले ना."

ती हसली. थांबलीही.

चित्र संपलं. खाली लाल अक्षरं चढली: 'क्षयरोग पूर्ण बरा होतो.' तरी शिवहार येतच राहिला, कधी अक्षरांना दुसरा हात द्यायला, कधी नुसताच. 'तुमी'चं 'तू' झालं. दिवाळीनंतर आईला घेऊन येतो, असं त्यानं कबूल केलं.

पण गावानं अक्षरं वाचली नाहीत. गावानं मोहिनी वाचली.

शेडमध्ये तिचा पाण्याचा गिलास वेगळा झाला. "घरात लेकरू हाय गं, वाईट वाटून घेऊ नको," शेजारी बसणारी सोजराबाई म्हणाली आणि जरा लांब सरकली. मोहिनीनं दवाखान्यात तपासून घेतलं. काहीच निघालं नाही. ती ज्याला त्याला सांगत सुटली. ऐकणारे मान डोलवत अन् भिंतीकडे बघत.

दिवाळी सरली. शिवहार एकटाच आला, खांद्यावर शिडी अन् हातात ब्रश, चुन्याची बादली घेऊन.

"आई म्हणती, भिंतीवरची पोरगी नको. म्या सांगितलं, तिला काई झालं न्हाई, चित्र म्याच काढलं. तर म्हणती, सरकार काय खोटं चितारायला लावतंय?"

"मग?"

"चेहरा पुसतो. तरी आई न्हाई मानली तर... मी हाय ना."

एवढंच तर तिला ऐकायचं होतं. थांब्याच्या बाकावर तो जवळ सरकला, त्यानं तिचा हात हातात घेतला. तिनं ओढणी सावरली, हळदीची धूळ उडाली अन् ठसका लागला. पहिल्या दिवशीसारखाच.

शिवहारचा हात सुटला. तोंड दुसरीकडे वळलं. आपण काय केलं ते त्याला नंतर कळलं.

"मोहिनी... ते सहज... हळदीनं खोकलीस, ठाऊक हाय मला."

"व्हय. तुलाच तर ठाऊक हाय."

तो घाईनं शिडी चढला. "थांब, पुसतो. आत्ता पुसतो."

"राहू दे," ती म्हणाली. "भिंतीवरचं पुसून आता काय व्हतंय?"

ती शेडकडे चालू लागली. शिवहार ब्रश घेऊन तसाच उभा. त्याच्या खांद्याशी भिंतीवरची मोहिनी ओढणीआडून त्याच्याकडे बघत होती. खाली त्याचीच अक्षरं होती, ठळक, लाल... पूर्ण बरा होतो.