सौम्यक

चंद्रपूरच्या सिकलसेल प्रयोगशाळेत डॉ. मयूरी कन्नाके यकृत-तपासण्यांचा तक्ता तिसऱ्यांदा वाचत होती. वाचून आकडे बदलतात थोडेच! मलावीतल्या तीन मुलांची यकृतं नव्या औषधाने बिघडत चालली होती, आणि सोमवारपासून तेच औषध इथल्या बेचाळीस पोरांना सुरू व्हायचं होतं. तिकडची तिची भागीदार, डॉ. थोको चिरवा, दर आठवड्याला काय कळवत होती? तर ‘काही कुतूहलजनक निरीक्षणं आहेत.’ डोंबलाचं कुतूहल!

“तिचा दोष नाही, मॅडम,” भाषायंत्रं सांभाळणारे घुगे सर म्हणाले. “तुमचं सगळं बोलणं सौम्यकातून जातं.”

“तो अनुवादच करतो ना? मी मराठीत बोलते, ती तिच्या चिचेवात.”

“नुसता अनुवाद नाही. तरुण संशोधकांच्या भागीदाऱ्या दुसऱ्या वर्षी मोडायच्या. कशाने? शब्दाने शब्द वाढून. म्हणून निधी देणाऱ्यांनी यंत्राला एकच ध्येय दिलं: भागीदारी टिकली पाहिजे. ज्या वाक्याने समोरचा दुखावेल, ते वाक्य यंत्र बोथट करतं. आकड्यांना मात्र हात लावत नाही.”

मयूरीचं डोकं ठणकत होतं. दीड वर्ष या गोडगोड बैठकांना बसून ती पार थकली होती. तिने थोकोला पडद्यावर बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, “औषध थांबवायचं. दोन्हीकडे. आजच.”

थोको बराच वेळ बोलली. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं. सौम्यकाने मराठीत एवढंच ऐकवलं, “उत्तम सूचना. आपण थांबवूया.”

“सुटले बाई!” मयूरीने खुर्चीत अंग टाकलं.

घुगे सर हसले नाहीत. “हे उत्तरही त्यातूनच आलं ना?”

खरंच की. थोकोने काय ऐकलं आणि काय म्हटलं, देव जाणे. थेट संपर्काला बंदी होती. केला तर निधी बंद, आणि मयूरीची नोकरी त्याच निधीवर. पण पोरांपुढे नोकरीचं काय घेऊन बसायचं? नंबर तरी कुठे होता थोकोचा! तिने दोघींचा सामाईक तक्ता उघडला आणि सोमवारी औषध सुरू करायच्या मुलांचा आकडा, बेचाळीस, खोडून तिथे शून्य लिहिलं.

तेव्हा तिचं लक्ष शेजारच्या रकान्याकडे गेलं. थोकोच्या नावाखाली सहा आठवडे नुसती शून्यं होती. म्हणजे थोकोने नवी मुलं घेणं मुद्दामच थांबवलं होतं! आणि तीच शून्यं बघून मयूरी दर आठवड्याला तिला कामचुकार म्हणून झापत होती. ते झापणंही तिकडे कौतुक बनूनच पोचलं असणार. मयूरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात थोकोच्या शेवटच्या शून्याखाली एक आकडा उमटू लागला. चांगला लांबलचक.

“इतकी मुलं?” घुगे सर चक्रावले.

“फोन नंबर आहे, सर.”

तिने स्वतःच्या मोबाइलवरून तो लावला.

“मयूरी?” मोडक्यातोडक्या इंग्रजीत थोको कडाडली. “बहिरी आहेस का गं तू? सहा आठवडे बोंबलतेय मी, पोरं मरतील म्हणून! आणि तू शुभेच्छा पाठवतेस? लाज नाही वाटत?”

“वाटते,” मयूरी म्हणाली. तिला रडू फुटलं, आणि कित्येक महिन्यांनी बरंही वाटलं. “बोल तू. सगळं बोल.”